कॅरियर नसलेली सायकल

साहेब सात दिवस कोपनहेगनला जाऊन आले
आणि मला एक पत्रा मिळाला.
चार फूट बाय अडीच, मधोमध सायकल कापलेली.
"पेडणेकर, हिची पोरं काढायची," तांडेल मॅडम हसल्या,
"दर पन्नास मीटरला एक.
वडाळ्यापासून शिवडीच्या पुलापर्यंत."

रात्री अकरानंतर काम.
बॉयलरमध्ये पांढरा रंग शिजतो
पेजेसारखा, जाड बुडबुडे टाकत.
पत्रा टेकवायचा, रंग ओढायचा,
वर रव्याएवढी काच भुरभुरायची,
आणि पत्रा उचलायचा एका दमात,
घावन उलथतात तसा.
खाली सायकल.
नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत.

साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवले होते.
तिथे म्हणे मंत्री सायकलने कचेरीत जातो,
बाई दोन पोरं पुढच्या पेटीत घालून निघते,
आणि सिग्नलला, सायकलवाल्याला उतरायला नको म्हणून,
पाय टेकवायला कठडा असतो.
मंत्री विसरलो, बाई विसरलो,
तो कठडा डोक्यातून जाईना.
कुणीतरी परक्याच्या पायाचा विचार करून
लोखंड वाकवलं असणार.

एकसष्ट झाल्या तोवर
पहिल्या वीसांवर गाड्या निजल्या होत्या.
एकीवर टेम्पो, एकीवर रेतीचा ढीग,
एकीच्या पुढच्या चाकावर
कुणीतरी तुळशीची कुंडी आणून ठेवलेली.
तिला मी काही बोललो नाही.

साडेचारला इद्रिस येतो,
अँटॉप हिलच्या भट्टीवरून.
काळी सायकल, हँडलला दोन पिशव्या,
मागे निळ्या ताडपत्रीखाली दीडशे लाद्या पाव.
घंटी केव्हाच गेली, आता तोच ओरडतो.
एकवीस वर्षं झाली, पेट्रोलचा वाससुद्धा नाही हाताला.
तू किती धूर वाचवलास रे, म्हणून
कुणी त्याच्याकडे तक्ता घेऊन आलं नाही.
आलं असतं तर तो म्हणाला असता,
वाचवायला आधी असायला लागतो.

त्या पहाटे मी त्याला हाक मारली,
"इकडून चल, ही पट्टी तुझी."
तो उतरला. एका हाताने पाव सांभाळत
चपलेतून अंगठा काढून रंग दाबून पाहिला.
कोमट होता अजून.
"आमची नाय ही, चाचा," म्हणाला,
"हिला कॅरियर कुठंय?"

मी पत्र्याकडे पाहिलं.
बारा वर्षं रस्ता रंगवतोय,
झेब्रा, बाण, 'हळू', 'पुढे शाळा आहे'.
कशाला विचारीन, ही सायकल कुणाची?
खरंच कॅरियर नाही. स्टँड नाही. साखळीला कव्हर नाही.
रविवारी निघालेल्या माणसाची सायकल,
ज्याला कुठेच काही पोचवायचं नाही.

पुलाखाली शेवटची काढली, ब्याऐंशीवी.
पोरांना चहाला पाठवलं
आणि गुडघ्यावर बसलो.
या रंगाला ब्रश चालत नाही, धागे सुटतात.
तरी काढलं कॅरियर,
त्यावर आडवं पोतं,
पोत्यातून डोकावणारी लादी.
सहा पाव जमले,
सातवा भाकरीसारखा पसरला.
मग स्टँड काढला.
थांबावंही लागतं माणसाला.

तपासणीला साहेब मोटारीतून आले.
काच खाली केली, एक-दोन-तीन मोजल्यासारखं केलं,
पुलाखाली येऊन उतरले.
तांडेल मॅडम फाईल घेऊन
नेमक्या त्या पोत्यावर उभ्या राहिल्या.
साहेब डावीकडे सरकले, मॅडमही सरकल्या.
सही होईपर्यंत त्यांची सँडल
पावांवरून हलली नाही.
जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या,
"सातवा जळलाय."

इद्रिसला अजून दाखवायची राहिलीय.
पुलापर्यंत तो येतच नाही,
अलीकडेच वळतो, चाळींकडे.
ये एकदा म्हटलं तर म्हणतो,
पाव निवतात.